चार टाळ्या

"वाजवा टाळी," साहेब म्हणाले.

सकाळचे सहा. रायपूरजवळ सिलतऱ्याचा स्पंज आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, कारखाना. पत्र्याच्या शेडखाली चाळीस माणसं रांगेनं उभी. डोक्यावर पिवळी टोपी, नाकावर गमछा. रांगेच्या पुढं मी एकटा. वय त्रेचाळीस. पाळीचा सुपरवायझर. घरी बारा वर्षांची पोट्टी.

"वाजवा ना. चार टाळ्या. कन्. वे. यर. बेल्ट. दुसरी जोरात, बाकीच्या हलक्या. लहान मुलांना शिकवतात तसं करू या."

मी वाजवल्या. पहिलीच जोरात पडली.

"नाही, नाही, नाही. पहिल्यावर जोर नाही. ती नुसती पायरी. चढायचं ते 'वे'वर. 'यर' गिळून टाकायचा. आणि 'बेल्ट' हळूच, कोपऱ्यात बसवल्यासारखा. परत."

परत वाजवल्या. चौथी जोरात पडली. रांगेत कोणीतरी खुसखुसलं. मग दुसरा. मग अख्खी रांग. ज्यांच्या लग्नाले जातो, मयतीले जातो, ती माझीच माणसं पोट धरून हसली. त्या हसण्यानं शेडचे पत्रे उडाले आणि थेट पलीकडल्या उरला गावात जाऊन पडले, असं मी लोकांले सांगितलं असतं. पत्रे जागच्या जागी होते.

"कुठले तुम्ही?" साहेबांनी मराठीत विचारलं.

"इथलाच, सर. रायपूरचा."

"ते झालं. मूळचे?"

"आजा भंडाऱ्याकडला. रेल्वेत गँगमन होता."

"आडनाव?"

सांगितलं.

"अच्छा."

या 'अच्छा'ची लांबी मले तोंडपाठ आहे. शाळेत ऐकला, आयटीआयमध्ये ऐकला, भाड्याचं घर पाहायले गेलो तेव्हा दारात उभं राहून ऐकला. चपला काढाव्या की नाही, ते त्या 'अच्छा'वरून कळते.

"मग जड जाणारच," साहेब म्हणाले. "तुमच्या घरांमधून जिभेवर संस्कार होत नाहीत हो. यात तुमचा काही दोष नाही."

फार प्रेमानं म्हणाले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले. मग खिशातून रुमाल काढून हात पुसला. माझ्या खांद्यावर कोळशाची धूळ होती, एवढं त्यांच्या बाजूनं सांगून ठेवतो.

"सर, मले एक सांगायचं होतं. त्या बेल्टची डोरी..."

"मला. मले नाही, मला. आणि आधी त्याचं नाव नीट घ्यायला शिका, मग त्याची तक्रार सांगा. गुरुवारपर्यंत वेळ देतो."

तो सोमवार होता. मी मागं जाऊन रांगेत उभा राहिलो. सांगायचं ते राहून गेलं.

मी गप्पा मारणारा माणूस. हे आधीच सांगितलेलं बरं. माझा आजा म्हणे नुसत्या पंज्यानं रूळ सरळ करायचा, आणि त्याच्या खोकल्यानं हावड्याकडली मालगाडी सिग्नल नसताना थांबायची. सिलतऱ्याच्या धुळीत इतकं लोखंड आहे की आमचा माणूस शिंकला तर रुमालात सळई निघते. चहाच्या टपरीवर मी बोलायले लागलो की चहावाला दुसऱ्यांदा दूध चढवतो. हे सगळं खोटं आहे आणि सगळ्यांले ठाऊक आहे. आजानं भंडाऱ्याकडून दोनच वस्तू आणल्या. एक पितळी लोटा आणि एक वाक्य. वाकायचं ते कामाले, माणसाले नाही. लोट्याच्याही मी शंभर गोष्टी केल्या. वाक्याच्या हजार केल्या. वापरलं एकदाही नाही.

आता पट्ट्याचं सांगतो. साहेब ज्याले चार टाळ्यांनी बोलायले सांगत होते, त्याले आम्ही पट्टा म्हणतो. रबराचा, काळा, रुंद. दगड आणि कोळसा घेऊन भट्टीपर्यंत चढते. माझ्या गप्पांमध्ये तो पार बिलासपूरले जाऊन येतो. खरा दीडशे पावलं आहे. त्याच्या दोन्ही अंगांनी लाल डोरी ताणलेली असते. कोणी अडकलं तर डोरी ओढायची. ओढली की पट्टा थांबते. पट्ट्याच्या खाली जो काम करते त्याचा जीव त्या डोरीले बांधलेला आहे. हे मी वाढवून सांगून नाही राहिलो.

पट्ट्याच्या खाली सुकवारो काम करायची. ठेक्यावरची बाई, पन्नाशीची, धरसीव्याकडल्या गावची. वरून सांडलेला कोळसा फावड्यानं ओढायचा आणि घमेल्यानं परत टाकायचा. दिवसभर. माझ्या गप्पांवर सगळ्यात मोठ्यानं तीच हसायची. म्हणायची, "तोर गोठ ला बोरा मा भरबो त टरक कम पर जाही, भैया." तुझं बोलणं पोत्यात भरलं तर ट्रक कमी पडतील.

त्या सोमवारच्या आधल्या शनिवारी ती हसत नव्हती.

"भैया, डोरी ढिल्ला होगे हे. खींचथंव त कुछु नइ होवय."

डोरी ढिली झाली, ओढते तर काही होत नाही. मी जाऊन ओढून पाहिली. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी हातात आली. पट्टा आपला चालूच. टोकाचा स्विच धुळीनं जाम झाला होता. मी इलेक्ट्रिकवाल्यांकडं गेलो. ते म्हणाले, "रजिस्टर में चढ़वा दो दादा, तुरंत आते हैं."

हे रजिस्टर म्हणजे टूलबॉक्स टॉकचं. पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी दहा मिनिटं उभं राहायचं आणि आज कुठं धोका आहे ते बोलायचं, त्याले टूलबॉक्स टॉक म्हणतात. त्यात डबा नसते, पाना नसते. एक रजिस्टर असते. त्यात एक रकाना धोक्याचा आणि एक रकाना सह्या-अंगठ्यांचा. धोक्याच्या रकान्यात जे चढलं तेच दुरुस्त होते. आधी हे बोलणं हिंदीत, छत्तीसगढीत चालायचं. दोन महिन्यांपूर्वी हे ट्रेनिंगचे साहेब आले. बाहेरून मोठे पाहुणे कारखाना पाहायले येणार, म्हणून त्यांनी टॉक इंग्रजीत केला. सुपरवायझरनं बोलायचं, साहेबांनी उच्चार तपासायचे, आणि जे नीट बोललं गेलं तेच रकान्यात चढवायचं. माणसं त्यांले मागं टाळी साहेब म्हणत.

आणि अंगठ्यांच्या रकान्याचं मीच सांगतो, कारण ती युक्ती माझी. रोज चाळीस लोकांची रांग लावायची तर दहाची वीस मिनिटं होतात. म्हणून सोमवारीच शनिवारपर्यंतचे सगळे घेऊन ठेवायचे. पुरुषांचा डावा अंगठा, बायांचा उजवा. सहा दिवसांचे सहा ठसे, एका दमात. सगळे खूश. साहेब तर जास्तच खूश. मले म्हणाले होते, "हुशार आहात." तेही मी टपरीवर सांगितलं होतं.

सोमवारी घरी आलो. पोट्टीले म्हटलं, मले एक शब्द शिकव.

ती इंग्रजी शाळेत जाते. मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. तिनं ओट्यावर स्टीलच्या चार वाट्या पालथ्या मांडल्या आणि माझ्या हातात चमचा दिला.

"पापा, आप दो शब्द बोल रहे हो. ये दो नहीं है. जोड़ दिया ना, तो एक हो गया."

"एक झालं तर दोन्हीवर जोर काहून नाही?"

"एक घर में एक ही का चलता है," पोट्टी म्हणाली आणि आईकडं पाहून हसली. मग मास्तरणीसारखी बोट दाखवून, "पहले वाले पे ज़ोर. टूलबॉक्स. क्लासरूम. फायरमैन. पहला ऊपर, दूसरा नीचे."

"आणि दुसऱ्यानं काय केलं?"

"कुछ नहीं किया. ऐसा ही है."

तिनं ते इंग्रजीबद्दल सांगितलं. बारा वर्षांचं लेकरू, तिले काय माहीत. मी चमचा घेऊन बसलो. पहिली वाटी हळू, दुसरी जोरात, तिसरी गिळली, चौथी कोपऱ्यात.

बायको भाकरी थापून राहिली होती. तिनं चार-पाच वेळा ऐकलं.

"पट्टा म्हटलं तर जीभ झडते का त्यांची?"

"तू मधी बोलू नको."

"नाही बोलत. पण त्या डोरीचं काय झालं? शनिवारी सांगून राहिले होते तुम्ही."

"गुरुवारी सांगतो साहेबाले. आधी हे होऊ दे."

तिनं शेवटची भाकरी उतरवली. मग तवा उलटवला.

मंगळवारी सुकवारोनं विचारलं, "बताए, भैया?"

"गुरुवारी."

"त बिरस्पत तक हाथ ला सम्हाल के रखहूं," ती म्हणाली. गुरुवारपर्यंत हात सांभाळून ठेवते. हसलीही. मीही हसलो. पट्टा थांबवायचा हक्क सुपरवायझरले आहे. कागदावर आहे, मोठ्या अक्षरांत आहे, शेडच्या भिंतीवर फ्रेम करून लावला आहे. मी त्या फ्रेमखाली उभा राहून तिच्यासंगं हसलो.

तीन दिवस मी तोच शब्द चघळला. स्कूटरवर चघळला. अंघोळ करताना चघळला. माझ्या ब्रेकलेदेखील चार आवाज यायले लागले होते. बुधवारी शेजारचा मले म्हणाला, "क्या बात है दादा, मंत्र-वंत्र ले लिए क्या?"

गुरुवारी सकाळी सहाले उभा राहिलो. साहेबांच्या शर्टाले इतकी इस्त्री की माशी बसली असती तर घसरून तिची तंगडी मोडली असती.

"बोला."

मी बोललो. पायरी. चढण. गिळणं. कोपरा. चार टाळ्या, दुसरी जोरात. जसं वाट्यांवर बसवलं होतं तसंच्या तसं.

साहेबांनी मान डोलावली. मग स्वतः टाळ्या वाजवल्या. मग रांगेनं वाजवल्या. साहेबांनी खिशातून पिवळा प्लास्टिकचा तारा काढला, माझ्या छातीवर लावला, मोबाइलनं फोटो घेतला. रांगेले म्हणाले, "देखा? मेहनत से कोई भी सीख सकता है. कोई भी." दुसऱ्यांदा 'कोई भी' म्हणताना माझ्याकडं पाहिलं.

आणि मले आनंद झाला. ही गोष्ट मी कोणाले सांगत नाही. छाती फुगली. आजा आठवला. पोट्टी आठवली.

"आणखी काही?" साहेबांनी विचारलं.

सुकवारो तिसऱ्या ओळीत उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. भुवई वर केली, बोल म्हणून.

मी विसरलो, असं मी नंतर सगळ्यांले सांगितलं. मी विसरलो नव्हतो. डोरी मले ठळक आठवत होती. पण डोरीले इंग्रजीत पुल कॉर्ड म्हणतात, आणि तो शब्द मी बसवला नव्हता. एकच शब्द बसवला होता. छातीवर तारा होता, टाळ्या अजून कानात होत्या, आणि दुसरा शब्द चुकला तर परत हसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"नो, सर," मी म्हणालो.

धोक्याच्या रकान्यात माझ्याच हातानं लिहिलं. निल. म्हणजे काही नाही.

साडेअकराले ओरडा झाला.

मी पॅनेलवर गेलो, लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. सुकवारो शेपटीच्या, म्हणजे पट्ट्याच्या खालच्या टोकाच्या, रोलरपाशी होती. फावडं आत ओढलं गेलं होतं, फावड्याच्या मागं हात. उजवा. कोपरापर्यंत. डाव्या मुठीत लाल डोरी होती, हातभर खाली खेचलेली.

"मैं खींचे रहेंव, भैया," ती म्हणाली. मी ओढली होती.

मोठ्यानं नाही. कोणाची तक्रार म्हणूनही नाही. हजेरी देतात तसं.

गाडीत चढवताना माझ्या छातीवरचा तारा तिच्या लुगड्याच्या दोऱ्यात अडकला. मी दोरा तोडला.

त्यानंतर मले काही झालं नाही. रडू आलं नाही. घरी गेलो, हात धुतले, जेवलो. वरण आहे की पाणी ते कळलं नाही. पोट्टीनं विचारलं, "पापा, बोल लिए सही से?" मी हो म्हटलं. तिनं टाळी वाजवली. फक्त चालताना पावलं चारच्या हिशोबानं पडत होती, दुसरं जड. हात झोपी गेला की बधिर होते ना, आपलाच असून दुसऱ्याचा वाटते, तसं सारं अंग. मी टपरीवर गेलो तर चहावाल्यानं वाट पाहिली, मी काही बोललो नाही, त्यानं दूध उतरवलं.

एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. त्या अख्ख्या नावात ज्याच्यावर जोर द्यायचा नाही, ज्याले कोपऱ्यात बसवायचं, तो बेल्ट. हात त्यानंच घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायले खुर्ची दिली. पहिल्यांदा. साहेब रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातले, तीन पिढ्या वकिलांच्या, चौथी ही. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद होता आणि शेजारी रजिस्टर.

"वाचून दाखवू?" ते म्हणाले, आणि मराठीत समजावलं. बाईंना टूलबॉक्स टॉकमध्ये धोका समजावून दिला होता. तसा अंगठा आहे. कोणत्याही धोक्याची नोंद नाही. तुमच्याच अक्षरात निल आहे. बाईंनी चालू पट्ट्याजवळ फावडं नेलं. निष्काळजीपणा.

"म्हणजे चूक तिची?"

"कोणाची तरी असावी लागते. तिची नसली तर तुमची. विचार करा." मग आवाज खाली आणला. "मी तुमचं नाव कुठे येऊ देणार नाही. आपण मराठी माणसं. परमुलखात एकमेकांना धरून राहायचं असतं."

सोमवारी तुमची घरं वेगळी होती. शुक्रवारी आपण झालो. दोन जोडले की एक होते, हे मले पोट्टीनं शिकवलं होतं. जोर कोणावर आणि कोपऱ्यात कोण, हेही शिकवलं होतं.

मी रजिस्टर ओढून घेतलं. काही शोधायचं होतं असं नाही, कुठंतरी पाहायचं म्हणून पाहिलं. सुकवारोची ओळ. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. निळ्या शाईचे सहा ठसे. उजव्या अंगठ्याचे. शुक्रवार तर आज होता. शनिवार उगवायचा होता.

"करा सही," साहेब म्हणाले.

"उद्या करतो."

"उद्या नक्की. आणि सोमवारचे अंगठे वेळेत घेऊन ठेवा."

रजिस्टर माझ्याच ताब्यात असते. मी ते बगलेत मारून घरी आणलं. बायकोले दाखवलं. तिनं बोट ठेवून ठसे मोजले. शेवटच्यावर बोट थांबलं.

"हे तर उद्याचं आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही आजवर लोकांले इतक्या खोट्या गोष्टी सांगितल्या. एक खरी सांगाल का?"

शनिवारी सकाळी सहा. शेड. रांग. तिसऱ्या ओळीत एक जागा रिकामी. साहेब आले. दोन मिनिटं शांत उभं राहायले लावलं. मग म्हणाले, "सुरक्षा सबसे पहले. आज नया शब्द लेंगे. पुल कॉर्ड. छोटा है. दो ही तालियाँ, पहली ज़ोर से." माझ्याकडं वळले. "चला, वाजवा."

माझे हात आपोआप वर आले होते. ते मी पाहिले. दोन होते. खाली घेतले आणि पाठीमागं बांधले.

"वाजवा ना."

"नाही, सर."

"का?"

"सुकवारो वाजवू शकत नाही."

पत्रे उडाले नाहीत. काही झालं नाही. पट्टा चालूच होता.

मग मी रांगेकडं तोंड केलं. मले वाटलं होतं भाषण होईल, मी तर गप्पांचा राजा. चार वाक्यंच निघाली, तीही हिंदी-छत्तीसगढी-मराठीची खिचडी. डोरी ढिल्ली आहे हे तिनं मले मागल्या शनिवारी सांगितलं. मी सोमवारी बोलायले उभा राहिलो तर मले टाळ्या वाजवायले लावल्या. गुरुवारी मले विचारलं तेव्हा मी भ्यालो आणि निल लिहिलं. आणि हा पाहा आजचा अंगठा.

रजिस्टर उघडून वर धरलं.

"ये शनिवार का है. आज का. दाहिना अंगूठा. हाथ गुरुवार को गया."

"रजिस्टर इकडे द्या," साहेब म्हणाले. मराठीत.

"देतो. आधी लिहू द्या."

शनिवारच्या रकान्यात मी लिहिलं. इंग्रजीत नाही. पट्ट्याची डोरी ढिल्ली आहे, ओढली तर पट्टा थांबत नाही, आठ दिवसांपासून सगळ्यांले ठाऊक आहे, मले आधी. खाली सही केली. कागदावर करायची होती ती सही मी तिथं केली.

"तुमच्या हे लक्षात येतंय का, तुम्ही स्वतःलाच अडकवताय?" साहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मूर्खपणा आहे हा! उच्चार सुधारायला सांगितला म्हणून इतका राग?"

"राग नाही, सर. मले काही वाटूनच नाही राहिलं."

"मला," ते म्हणाले. सवयीनं. मग स्वतःच थांबले.

मागून एक बाई म्हणाली, "हव." म्हणजे हो. तिनं टोपी काढून खाली ठेवली. मग दुसऱ्यानं. डोरी बसल्याशिवाय पट्ट्यावर जाणार नाही, असं कोणी बोललं नाही, पण ते उभे राहिले. टपरीवर सांगायचं असतं तर मी म्हणालो असतो चाळीसच्या चाळीस. अकरा होते. बाकीचे मान खाली घालून कामावर गेले. मी त्यांले दोष देत नाही. दोन दिवसांआधी मीच त्यांच्या पुढं उभा राहून निल लिहिलं होतं.

छातीवरचा तारा काढायचा राहिला होता. काढला आणि रजिस्टरच्या पानावर ठेवला. त्या पानाचा फोटो मी मोबाइलमध्ये घेतला, साहेबांसमोर. दहा वाजता मले गेटच्या बाहेर काढलं. अकराले इलेक्ट्रिकवाले शिडी घेऊन पट्ट्याकडं गेले, असं कळलं. अर्ध्या तासाचं काम होतं.

आता कामगार कार्यालयात पेशी, म्हणजे सुनावणी, आहे. साहेबांचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. म्हणते, "बोल देना दादा, भूल गए थे. भूलना कोई गुनाह थोड़े है. नौकरी वापस." बायकोनं त्याले चहा दिला, पाणी दिलं, दार दाखवलं. मी सुकवारोकडं गेलो होतो. ती खाटेवर बसून डाव्या हातानं भाजी निवडायले शिकत होती. मी खाटेपाशी खाली बसलो. ती म्हणाली, "तोर गोठ कहाँ गे, भैया?" तुझ्या गप्पा कुठं गेल्या. मी सांगितलं, तारखेले तुझ्या बाजूनं बोलणार आहे, आणि माझ्या विरुद्ध. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मले माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही.

पोट्टीनं विचारलं, "पापा, वहाँ अंग्रेज़ी में पूछेंगे तो?"

पुसू दे. मी पट्टा म्हणीन. डोरी म्हणीन. मले म्हणीन. कोणी टाळी वाजवायले लावली तर हात मागं बांधीन. आणि विसरलो म्हणणार नाही. दोषींची नावं लिहाल तेव्हा सगळ्यात वर माझं लिहा, त्याच्या खाली साहेबांचं. त्या यादीत सुकवारोचं नाव लिहायले कोणी पेन उचलला, तर तो पेन मी धरून ठेवीन. माझे दोन्ही हात शाबूत आहेत.